फोटोतली पाटी

व्हिडिओ कॉलवर ऋजुताला विचारत गेमिंग कॉम्प्युटर जोडताना मकरंदचं तोंड अचानक वाकडं झालं. शब्द बोबडे झाले आणि तो कोसळला.

"मकरंद! अरे, ऊठ ना!" पुण्यातून ती किंचाळली. तो नागपुरात एकटाच राहायचा. दोघं कधी भेटली नव्हती. तिला त्याचा पत्ताही ठाऊक नव्हता.

तिनं दोघांच्या हौशी गेमिंग ग्रुपवरचे त्याचे फोटो चाळले. नव्या लाल गाडीच्या फोटोत मागे मेडिकल दुकानाची पाटी दिसत होती. तिनं त्यावरचा नंबर लावून दुकानदाराला मकरंदबद्दल विचारलं.

"लाल गाडीवाला मकरंद? समोरच राहते तो."

"दादा, पाया पडते, धावा!"

व्हिडिओ कॉलवर दार फोडल्याचा आवाज आला. कुणीतरी मकरंदवर वाकलं. "ताई, श्वास चालू आहे!"

ऋजुता त्या अनोळखी माणसाला स्क्रीनवरूनच हात जोडत राहिली.