पेडलखालचा ठोकळा

"ताई, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबा. अर्धवट दाबला तर इंजिनात हवा जात नाही, मीटर खोटं सांगतो."

"दाबलाय हो!" मी ओरडले आणि पुन्हा किल्ली फिरवली.

प्लग काढून तिथं लावलेल्या, दाब मोजणाऱ्या मीटरचा काटा चौथ्या सिलिंडरलाही नव्वदवरच अडला. दीडशे हवे होते. गजबर मिस्त्रींनी सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून पाहिलं, तरी काटा ढिम्म. "चारही सिलिंडर एकदम कसे मरतील?" ते पुटपुटले.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "संपलं ना इंजिन? बाबाच राहिले नाहीत, आता त्यांची लाल स्पोर्ट्‌सकार कशाला? भंगारवाल्याचा टेम्पो निघालाय."

फोन आपटून मी पेडलवर लाथ मारली. खालून लाकडाचा आवाज आला.

वाकून पाहिलं. पेडलमागे सायकलच्या ट्यूबनं बांधलेला सागवानी ठोकळा होता. मी गाडी शिकताना वेग वाढू नये म्हणून बाबांनी तो बांधला होता. मग मी नोकरीसाठी गाव सोडलं. त्यानंतर इतकी वर्षं ते स्वतःही तशीच गाडी चालवत राहिले. सुट्टीत घरी आल्यावर पाहायचो, तर स्कूटरवालेही त्यांच्या पुढे जायचे आणि आम्ही भावंडं हसायचो.

मिस्त्रींनी ट्यूब कापली. या वेळी पेडल तळाला टेकलं आणि काटा दीडशेवर गेला.

"ठणठणीत आहे की! टेम्पो परत पाठवा, ताई. आणि हा ठोकळा फेकू ना?"

"अजिबात नाही," मी त्यांच्यावरच खेकसले. "होता तिथंच बांधा."