येते

"परत," संगीतकार म्हणाला.

भाचीने डोळे फिरवले. शाळेतून तडक इथे, दप्तर दारातच टाकलेलं. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. मामी गेल्यापासून, म्हणजे आठ महिने, या घरात कुणी बेल वाजवत नाही. ढकलायचं नि आत यायचं.

कविता मामीचीच. तिच्या मागे वहीच्या शेवटच्या पानावर सापडलेली. अकरा ओळी गुणी बाळासारख्या चालीत बसल्या. बारावी मात्र छळत होती, आणि उद्या रेकॉर्डिंग!

'कडी लावून घे, येते.'

पहिले तीन शब्द मामाने एका श्वासात पळवले होते. मग 'येते'वर सूर असा काही चढायचा, की वाटावं, जिन्यावर पावलंच वाजली!

भाचीने गायलं. अठराव्यांदा.

"सूर बरोबर आहे गं. पण आनंद कुठाय?"

"कसला आनंद?"

"ती येतेय ना!"

"कोण येतेय?" भाचीने वही ओढून घेतली. "तू शब्द इतके पळवलेस, की मला आत्ता कळतंय मी काय गातेय ते. मामा, येणारं माणूस कडी काढ म्हणेल. लावून घे कशाला म्हणेल?"

पेटीचा भाता उघडाच राहिला. त्यातून हवा सुस्कारल्यासारखी निघून गेली. मामा भिंतीकडे बघत राहिला, जणू तिथेच कुठेतरी पुढची ओळ लिहिलेली होती.

आपण जरा जास्तच बोललो, असं भाचीला वाटलं. "राहू दे, तुझीच चाल छान आहे," ती घाईघाईने म्हणाली. वही परत पेटीवर ठेवली. तिने दप्तर उचललं, बूट चढवले.

"मामा, येते."

त्याची मान झटकन वळली. तिने म्हटलं तस्संच त्याने पेटीवर वाजवलं. दोनच सूर, वरून खाली. पुन्हा वाजवलं. मग अगदी हळू म्हणाला, "ये."

पण तो बघत होता वहीकडे.

ती जिना उतरू लागली. वर पेटी थांबली. पावलं दारापर्यंत आली, बराच वेळ तिथेच उभी राहिली, आणि मग कडी लागल्याचा आवाज आला.