डबल बेल

"काच नीट पूस. मला तिच्यातूनच रस्ता बघायचाय." पहिल्या रविवारी ड्रायव्हरकाका माझ्याशी एवढंच बोलले.

त्यांच्या भुवईवर तीन टाक्यांचा व्रण होता. बंदच्या दिवशी आमच्या गावच्या चौकात त्यांच्या एसटीवर दगड सगळ्यांनीच मारले, लागला तो माझा. बाल न्याय मंडळाने मला घरी राहू दिलं, पण अट घातली: वीस रविवार डेपोत जाऊन त्यांचीच एसटी धुवायची आणि कार्डावर त्यांची सही घ्यायची.

दर रविवारी काका काचेवरून बोट फिरवायचे आणि माझ्याकडे न बघता सही करायचे.

आज विसावी सही झाली. "गाडी तुझ्याच गावाला चाललीय," ते म्हणाले. "बस पुढे."

माझ्या घराच्या एक थांबा आधी, त्याच चौकात गाडी थांबली. पोलिसांनी मला नेलं तेव्हा बघत होती, तशीच पारावरची माणसं बघायला लागली. मी मान खाली घातली. काका आरशातून पहिल्यांदाच माझ्याकडे बघत कंडक्टरला म्हणाले, "आज बेल ही देईल."

मी उठले आणि दोरी दोनदा ओढली. दगड मारून मी अडवलेली गाडी त्याच चौकातून माझ्या बेलवर निघाली.