पायाखालची चटई

वजन उतरल्याशिवाय दिवस राहायचे नाहीत, असं सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, म्हणून राजनंदिनीने आजपासून मोबाईलवर बघून व्यायाम सुरू केला होता. मोबाईलमधली पोरगी "अजून उंच" म्हणायची आणि ही धापा टाकत उड्या मारायची. वीस मिनिटांतली दोनच उरली होती, तेवढ्यात सासूबाईंनी येऊन पायाखालची चटई ओढली. बाहेर सोप्यात गवारी मोडत बसलेल्या शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उड्या कसल्या मारतीस? पोटात काय असंल तर पडंल की. आदीच चार वर्सं पाळणा हलंना." राजनंदिनीचं डोकं फिरलं. तिने चटई हिसकावून घेतली. "आवं आत्या, पोटात काय असायला तुमचा ल्योक घरी यावा लागतोय. दिवाळीत बॉर्डरवर गेल्याला, आता आषाढातला बैलांचा बेंदूर आला." सोप्यातला गवारी मोडायचा आवाज थांबला. राजनंदिनीने चटई पुन्हा अंथरली आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला.