मेथीच्या लाडवांचा डबा

“बॅगा उपसल्या, खिसे उलटे केले. पासपोर्ट चोरीलाच गेलाय!” व्हिएन्नाच्या पोलीस चौकीत दिगंबरराव तावातावाने इंग्रजीत सांगत होते. अधिकारी शांतपणे तक्रार टाइप करत होता.

कुमुदताईंनी पिशवीतला मेथीच्या लाडवांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. “घ्या हो, आमच्यासाठी एवढं करताय,” त्या मराठीतच म्हणाल्या.

“अगं, इथे काय लाडू वाटतेस!”

अधिकाऱ्याने एक खाल्ला. मग हसून दुसरा घेतला. तिसरा उचलताच डब्याच्या तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट दिसला.

दिगंबररावांनी कपाळावर हात मारला. “मीच ठेवला आणि विसरलो! म्हटलं, या लाडवांना चोरसुद्धा हात लावणार नाही.”

कुमुदताईंनी पासपोर्ट काढून डबा अधिकाऱ्यालाच देऊन टाकला.

“मग दर थंडीत ‘फर्मास झालेत’ म्हणता, ते काय असतं?”