कोमट

झाकण खडखडलं.

दूध उतू जायच्या आत तिनं झाकण उचललं, पण गॅस बंद केला नाही. आणखी एक उकळी येऊ दिली. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पोत्यावर वासरू पडलं होतं आणि लेक त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. जन्मलं तेव्हा गरगरीत पोटाचं, म्हणून लेकीनं त्याचं नाव ढब्बू ठेवलं होतं. आता पोट पाठीला चिकटलं होतं. शेपटीखाली पांढरट घाण वाळून बसली होती. तिनं ती किती वेळा पुसली, तरी पुन्हा तेच.

आधीची दोन वासरं अशीच गेली. पांढरी हगवण लागायची, डोळे खोल जायचे, मान टाकायची. गोठा तिच्याकडे आल्यापासून दूध काढून झालं की वासरांना बाटलीनं पाजायचं काम तिचंच. ती ते डोळ्यांत तेल घालून करायची. बाटल्या उकळायच्या, बाटलीची रबरी बोंडं उकळायची, दूध दोनदा उकळायचं. नवरा म्हणायचा, "हिचं चाललं तर ही गाईलासुद्धा उकळून घेईल." तो गमतीनं म्हणायचा, पण ती हसायची नाही. आणि ती का हसत नाही हे आठवलं की तोच उठून बाटल्यांचं पाणी गॅसवर ठेवायचा.

त्यांचा पहिला मुलगा लेकीच्या आधीचा. ती गोठ्यात होती, तो रडत उठला. खिडकीत सकाळच्या न उकळलेल्या दुधाची अर्धी बाटली होती, तीच तिनं त्याच्या तोंडाला लावली. हात शेणाचे होते, फडक्याला पुसलेले. दवाखान्यात त्याचे डोळे असेच खोल गेले होते. नर्सनं सलाईनची सुई शोधता शोधता विचारलं होतं, "दूध उकळलं नव्हतं का, बाई?" तिनं हात पदराखाली घेतले. लेकीला एवढंच ठाऊक होतं, की भिंतीवरच्या फोटोतला दादा दूध पिऊन आजारी पडला आणि गेला.

गुरांचे डॉक्टर आज पहिल्यांदाच घरी आले होते. आधीच्या वासरांच्या वेळी सगळं फोनवरच झालं. त्यांनी दुधातून द्यायच्या पुड्या पाठवल्या होत्या. पोट सावरेल, जंतूंचा जोर मोडेल, म्हणाले होते. दूध कोमटच द्या, असं बजावलंही होतं, आणि तिनं सांगितलं होतं, कोमटच देते. ते खरंच होतं. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहिल्याशिवाय तिनं एकाही वासराला बाटली लावली नव्हती. त्याच पुड्यांवर शेजारणीची वासरं मात्र दावं तोडत होती, आणि शेजारीण तर बाटली नुसती विसळून घ्यायची. ती मनात म्हणायची, आपलाच पायगुण.

डॉक्टरांनी वासराच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली; अंगात पाणीच उरलं नव्हतं. त्यांनी सलाईन लावली, बाटली लेकीच्या हातात उंच धरायला दिली आणि हात धुवायला आत आले.

ती पुडी फाडत होती. डॉक्टरांच्या देखत तिनं ती उकळत्या दुधात रिकामी केली, चमच्यानं ढवळली आणि मग पातेलं उचलून गार पाण्याच्या परातीत ठेवलं.

"हे रोज असंच करता?"

"असंच. पावडर कुणाच्या कुणाच्या हातातून येते. ती उकळून घेते, मग कोमट करते."

डॉक्टर परातीकडे पाहत राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"ताई, त्या पुडीत जंतूच असतात. जिवंत, चांगले. पोटात घर करून वाईट जंतूंना थारा देत नाहीत. उकळीत ते जगत नाहीत. तुम्ही वासरांना नुसतं दूध पाजत होता."

मग ते घाईघाईनं बरंच बोलले. नुसत्या पुडीनं वासरं वाचलीच असती असं नाही, म्हणाले. चूक त्यांचीही आहे, पावडर केव्हा घालायची ते त्यांनी नीट सांगायला हवं होतं. तिला यातलं थोडंच ऐकू आलं. जंतू या शब्दाला चांगली बाजू असते हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

तिनं दुसरं दूध घेतलं. तेही उकळलं, कारण हाताला दुसरं काही येत नव्हतं. पण या खेपेला आधी निववलं, मनगटावर थेंब टाकला आणि मगच पुडी सोडली. बाटली घेऊन ती पोत्याशी बसली. वासरानं बोंड तोंडात घेतलं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. लेकीनं आनंदानं आईकडे पाहिलं. मग दूध ओठांच्या कडेनं बाहेर यायला लागलं आणि येतच राहिलं.

डॉक्टरांनी वासराच्या छातीला हात लावून पाहिलं आणि सुई काढून घेतली. तरीही लेक सलाईनची बाटली उंच धरून उभी होती. तिचा हात खाली घ्यावा लागला.

डॉक्टर गेल्यावर दोघी पोत्याजवळ बसून राहिल्या. आत परातीतलं पहिलं दूध गार होऊन त्यावर साय धरली होती. लेकीनं ढब्बूचा कान एकदा सरळ केला. स्वयंपाकघरात झालेलं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं. आता ती उघड्या दारातून आत, भिंतीवरच्या फोटोकडे पाहत होती.

"आई, दादालापण तू उकळूनच दिलं होतंस का गं?"