चकचकीत कपाट

पाचोऱ्याजवळ भिकुबाईंच्या घरी चोरी झाली. वीस वर्षं पंचनामे लिहिणारा मी हवालदार, निघण्यापूर्वी ऐटीत त्यांना फोन केला, "अक्का, फोटो काढायला जळगावहून मोठे साहेब येताहेत." कशालाही हात लावू नका, एवढंच सांगायचं राहिलं.

जाऊन पाहतो तर फरशी पुसलेली, फोडलेलं कपाट चकचकीत.

"साहेब फोटो काढाले येतस ना भाऊ, म्हनीसन बठ्ठं घर पुसी टाकं."

"अहो अक्का, चोराच्या बोटांचे ठसे इथेच असणार होते!" म्हणत मी वैतागून कपाटावर थाडकन हात आपटला.

तासाभरानं कपाटावर भुकटी मारणारे ठसेतज्ज्ञ साहेब आनंदानं ओरडले, "हवालदार, नशीब बघा! इतकं पुसूनही अख्खा पंजा मिळाला!"



मी उजवा हात हळूच खिशात घातला.